पावसाळ्यात वॉशिंग मशीन वास मारतेय? बुरशी कुठे लपते, कशी काढायची आणि कोणती चूक टाळायची

कर्जत/खालापूर : कपडे मशीनमधून काढले, दोरीवर टाकले, दोन दिवसांनी वाळले, पण अंगात घालताना कुबट वास तसाच. जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या घराघरांत ही तक्रार ऐकू येते. मग पावडर बदलली जाते, सुगंधी लिक्विड आणले जाते आणि शेवटी ‘मशीनच खराब निघाली’ म्हणून मेकॅनिकला फोन जातो.

खरे कारण बहुतेक वेळा साधे असते. मशीनच्या आत बुरशी धरलेली असते. ती मशीन बिघडल्यामुळे येत नाही. धुणे झाल्यावर आत राहिलेले पाणी, साबणाचा चिकट थर आणि बंद झाकण या तिघांमुळे येते. त्यामुळे ती घरच्या घरी काढता येते आणि रोजच्या पाच मिनिटांच्या सवयीने परत येण्यापासून रोखताही येते. मात्र साफ करताना घाईघाईत दोन रसायने एकत्र केली, तर विषारी वायू तयार होतो. म्हणून आधी सगळी माहिती वाचावी आणि मगच कामाला लागावे.

आपल्याकडेच इतकी बुरशी का?

बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि खाणे. कर्जत-खालापूर पट्टा सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला आहे. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भीमाशंकर-राजमाचीची रांग. समुद्रावरून आलेले ढग इथेच अडतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५ ते ९० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत भिंत वाळत नाही, गोधडी वाळत नाही, तशी मशीनही आतून वाळत नाही.

ऊब तर आपल्याकडे बारा महिने आहे. पावसाळ्यातले २५ ते ३० अंश तापमान बुरशीला मानवते. राहिले खाणे. मशीन रोज साबणाने धुते, मग आत घाण कुठून येणार, असे वाटते. पण पूर्ण न विरघळलेली पावडर, अंगाचा मळ, घाम, तेलकटपणा आणि कपड्यांची लव यांचा एक बुळबुळीत थर टबाच्या मागे, रबराखाली आणि पाईपमध्ये साचत जातो. हाच थर बुरशीचे आणि वास सोडणाऱ्या जिवाणूंचे खाणे. वर आपण बहुतेक धुणे साध्या गार पाण्यात करतो. गार पाण्यात हा थर सुटत नाही आणि बुरशीही मरत नाही.

हा प्रश्न फक्त कोकणातला नाही. युरोपातल्या स्लोव्हेनिया देशात संशोधकांनी घरगुती मशीन तपासल्या, तेव्हा दाराच्या रबरात आणि पावडरच्या खणात बुरशी सापडली. अमेरिकेत पुढून उघडणाऱ्या मशीनना बुरशी धरते म्हणून ग्राहक कोर्टात गेले होते. म्हणजे कोरड्या, थंड देशांतही जे होते, ते आपल्या पावसात जास्त होणारच.

मशीनमध्ये बुरशी आहे हे कसे ओळखावे?

- झाकण उघडताच ओल्या पोत्यासारखा, कुबट वास येतो.
- धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे किंवा तपकिरी, ओल्या कागदासारखे तुकडे चिकटलेले दिसतात.
- रबराच्या घडीत बोट फिरवले की काळा, बुळबुळीत थर हाताला लागतो.
- पावडरच्या खणात किंवा लव अडवणाऱ्या जाळीत काळे ठिपके दिसतात.
- टॉवेल वाळल्यावर वास येत नाही, पण अंग पुसून ओला झाला की लगेच वास मारतो.

यातली दोन लक्षणे दिसली तरी मशीन साफ करायची वेळ आली आहे असे समजावे.

कोणत्या मशीनमध्ये कुठे लपते?

*सेमी-ऑटोमॅटिक (दोन टबांची) :* गावाकडे हीच जास्त दिसते. कमी दाबाच्या पाण्यावर चालते, बादलीने पाणी भरता येते. यात बुरशीची मुख्य जागा म्हणजे धुण्याच्या टबाच्या तळाशी फिरणारी चकती. वरून ती चकचकीत दिसते. पण खाली लव, चिखल, पावडरचे गोळे, कधी चिल्लर आणि सेफ्टी पिनाही साचलेल्या असतात. दुसरी जागा लव गोळा करणारी जाळीची पिशवी. तिसरी म्हणजे ड्रायरचा आतला आणि बाहेरचा टब यांमधली फट. चौथी जागा पाणी सोडण्याचा पाईप. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधले पाणी पंपाने नाही, उताराने बाहेर जाते. पाईप मधेच वर उचललेला किंवा झोळीसारखा लोंबत असेल, तर प्रत्येक धुण्याचे थोडे पाणी तिथेच राहते आणि सडते.

*वरून उघडणारी ऑटोमॅटिक :* स्टीलच्या ड्रमच्या बाहेर प्लॅस्टिकचा दुसरा टब असतो. दोघांमधली जागा डोळ्यांना दिसत नाही आणि थर तिथेच साचतो. ड्रमच्या वरच्या कडेखाली, लवेच्या जाळीत आणि सॉफ्टनर टाकायच्या जागेतही बुरशी धरते.

*पुढून उघडणारी (फ्रंट लोड) :* दाराभोवतीचे जाड रबर ही बुरशीची सगळ्यात आवडती जागा. त्याच्या खालच्या घडीत पाणी साचूनच राहते. पावडरचा खण ही दुसरी जागा. पुढच्या बाजूला खाली छोट्या झाकणाआड असलेला फिल्टर ही तिसरी. अनेक घरांत तो मशीन आणल्यापासून उघडलेलाच नसतो.

कामाला लागण्याआधी : वीज आणि रसायन

साफसफाईतली पहिली पायरी ब्रश नाही, प्लग आहे. बटण बंद करून पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय मशीनच्या आत हात घालू नये. पडवीत, मागच्या दारी किंवा मोरीत मशीन असेल तर पावसात जमीन ओली असते आणि पायात चप्पल नसते. मशीनच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या आल्यासारखे झाले, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. अर्थिंग बरोबर नाही किंवा आतली वायर उघडी पडली आहे, असा त्याचा अर्थ. वायरमन बघून जाईपर्यंत मशीन लावू नये. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी ही तिन्ही असली तर जीव वाचतो. पॅनेलवर, म्हणजे बटणांच्या भागावर, पाणी ओतून साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावे.

दुसरी गोष्ट रसायनांची. बुरशी मारायला ब्लीच चालते, क्षार काढायला आंबट पदार्थ चालतात. पण दोन्ही एकत्र कधीही नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचे अ‍ॅसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो काही क्षणांत डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळू लागतो. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही ब्लीच मिसळू नये. ‘दोन्ही टाकले तर जास्त साफ होईल’ हा समज घातक आहे. एका वेळी एकच वस्तू वापरावी, मधे मशीन साध्या पाण्याने दोनदा धुवावी आणि दुसरी वस्तू दुसऱ्या दिवशी वापरावी.

चुकून वायू झालाच तर मशीनशी खटपट करत बसू नये. सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. दम लागला, खोकला थांबेना किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, तर १०८ वर फोन करून दवाखाना गाठावा.

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर मशीनमध्ये टाकू नये. तिच्यातला क्लोरीन तीव्र असतो, खडे नीट विरघळत नाहीत आणि चुन्याचा साका मागे राहतो. रबर आणि स्टील दोन्ही खराब होतात.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन अशी साफ करावी

सकाळी लाईट असताना, उजेडात आणि हवेशीर जागी काम घ्यावे. साधारण दोन तास लागतात.

१. पिन काढावी. टब पूर्ण रिकामा करावा.

२. लवेची जाळी काढून उलटी करावी, साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासावी. फाटलेली असेल तर नवीन लावावी.

३. तळाच्या चकतीच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो काढून चकती सरळ वर उचलावी. खालचा गाळ आधी हाताने काढावा, मग ब्रशने घासावा. स्क्रू गंजून घट्ट बसला असेल तर जोर लावू नये, प्लॅस्टिक तडकते. हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

४. चकती परत घट्ट बसवावी. आता टब भरायचा, पण उकळते पाणी थेट ओतू नये. आधी दोन भाग साधे पाणी, मग त्यात एक भाग उकळते पाणी असे घेतले की साधारण ५० अंशांचे पाणी तयार होते. मशीनच्या माहितीपुस्तकात पाण्याच्या तापमानाची मर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी. बंबातून किंवा चुलीवरून गरम पाणी आणताना लहान मुलांना लांब ठेवावे.

५. त्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकावा. खाण्याचा सोडा वेगळा; तो वास थोडा कमी करतो, पण चिकट थर काढायला पुरत नाही. पिन लावून मशीन दहा-पंधरा मिनिटे फिरवावी, मग बंद करून तासभर तशीच ठेवावी. पुन्हा पाच मिनिटे फिरवून पाणी सोडावे. पहिले पाणी काळपट निघाले तर घाबरू नये. तोच तर थर आहे.

६. पाणी सोडण्याआधी त्यातले दोन-तीन तांबे पाणी ड्रायरच्या टबात ओतावे, ड्रायर फिरवावा आणि पूर्ण थांबल्यावर कडा फडक्याने पुसाव्यात. झाकण उघडूनही ड्रायर फिरत राहत असेल तर त्याचा ब्रेक बिघडला आहे. त्यात हात घालू नये, आधी दुरुस्ती करावी.

७. साध्या पाण्याने दोनदा मशीन चालवून पाणी सोडावे. पाईप मोकळा करून झटकावा, आतून पाण्याचा जोर द्यावा. परत लावताना तो उताराने, कुठेही झोळ न पडता मोरीपर्यंत जाईल असा ठेवावा.

८. सुक्या फडक्याने आतून पुसून दोन्ही झाकणे उघडी ठेवावीत.

एवढे करूनही वास राहिला, तर दुसऱ्या दिवशी ब्लीच वापरावे. टबभर साध्या, गार पाण्यात २०० मिली घरगुती ब्लीच टाकावे. बाटलीवर ‘सोडियम हायपोक्लोराइट’ लिहिलेले असते. गरम पाण्यात ब्लीच टाकू नये, वाफ नाकात जाते आणि ब्लीचचा जोरही कमी होतो. दहा मिनिटे फिरवून अर्धा तास ठेवावे आणि पाणी सोडावे. नंतर दोन वेळा साध्या पाण्याने धुवावे. पहिले धुणे जुन्या फडक्यांचे घ्यावे, म्हणजे ब्लीच राहिले असेल तर चांगल्या साडीचा रंग जाणार नाही. हे पाणी परसातल्या केळी-अळूच्या आळ्यात किंवा विहिरीकडे जाणाऱ्या पाटात सोडू नये.

ऑटोमॅटिक आणि फ्रंट लोडसाठी

बहुतेक ऑटोमॅटिक मशीनमध्ये ‘टब क्लीन’ किंवा ‘ड्रम क्लीन’ असे बटण असते. महिन्यातून एकदा मशीन रिकामी ठेवून ते लावावे. दुकानात मिळणारी मशीन साफ करायची पावडर त्यात टाकता येते. असे बटण नसेल आणि मशीन पाणी गरम करत असेल, तर रिकामी मशीन ६० अंशांवर चालवावी.

फ्रंट लोडचे रबर हाताने साफ करावे लागते. घडी बाहेर ओढून साबणाच्या फडक्याने आतून पुसावी. काळे ठिपके राहिले तर दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्यात भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे घडीत ठेवावे, मग साध्या पाण्याने दोनदा पुसावे. हातात रबरी मोजे घालावेत. बुरशी मेली तरी जुन्या रबरातला काळा डाग कधी कधी जात नाही. तो बुळबुळीत नसेल आणि वास येत नसेल तर काळजीचे कारण नाही. रबर फाटले असेल तर मात्र बदलावे.

पावडरचा खण पूर्ण बाहेर ओढून काढता येतो. तो नळाखाली घासावा आणि तो बसतो ती पोकळीही ब्रशने साफ करावी. खालचा फिल्टर उघडण्याआधी पुढे पसरट ताट किंवा परात ठेवावी. आतून लिटर-दीड लिटर पाणी सहज येते. मशीन गरम पाण्यावर चालली असेल तर पाणी निवल्यावरच फिल्टर उघडावा.

बोअरवेलचे जड पाणी असेल तर ड्रमवर पांढरे क्षार बसतात आणि त्या खडबडीत थरावर घाण लवकर धरते. त्यासाठी क्षार काढायची पावडर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड दोन-तीन महिन्यांतून एकदा वापरावे. व्हिनेगर दर आठवड्याला ओतण्याचा सल्ला मोबाईलवर फिरतो. पण वारंवार आंबट पदार्थ वापरल्याने काही मशीनचे रबर कडक होऊन चिरते.

बुरशी परत येऊ नये म्हणून

साफ केलेली मशीन महिनाभरात पुन्हा वास मारू लागते, कारण सवयी त्याच राहतात. त्या बदलणे सोपे आहे.

*झाकण उघडे ठेवावे.* धुणे झाल्यावर निदान तीन-चार तास. लहान मुले असतील तर दार फटीपुरते उघडे ठेवावे आणि पिन काढलेली असावी. ओल्या मशीनवर प्लॅस्टिकचे कव्हर घालणे म्हणजे बुरशीला पांघरूण घालणे. पडवीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर मशीन आत सरकवावी किंवा मशीन पूर्ण वाळल्यावरच कव्हर घालावे.

*पावडर मोजून टाकावी.* जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे खरे नाही. जास्तीची पावडर कपड्यात आणि टबात राहते. पाकिटावर दिलेल्या मापापेक्षा जास्त टाकू नये. कपडे निम्मे असतील तर पावडरही कमी. गार पाण्यात पावडर आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून घ्यावी. फ्रंट लोडमध्ये त्याच मशीनसाठीची कमी फेसाची पावडर वापरावी. सुगंधी सॉफ्टनरचा थरही बुरशीला पोसतो. तो वास झाकतो, घालवत नाही.

*चिखल बाहेरच काढावा.* भातलावणीच्या दिवसांतले चिखलाचे कपडे आधी दगडावर किंवा बादलीत दोन पाण्यांतून काढावेत, मगच मशीनमध्ये टाकावेत. कंपनीतून तेल-ग्रीस लागून आलेले कपडे वेगळे धुवावेत. खिसे तपासावेत. पावसात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा ते पिंपात निवळू द्यावे आणि मशीनला पाणी घेणाऱ्या पाईपच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा धुवावी.

*धुतलेले कपडे मशीनमध्ये ठेवू नयेत.* रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढणे ही वासाची हमखास सुरुवात. तासाभरात कपडे बाहेर यायला हवेत. उलटही तितकेच खरे : घामाचे आणि पावसात भिजलेले मळके कपडे मशीनमध्ये साठवू नयेत. लोकलने ये-जा करणाऱ्यांचे भिजलेले कपडे आणि मुलांचे गणवेश दोरीवर पसरून ठेवावेत, धुवायच्या वेळीच मशीनमध्ये टाकावेत.

*आठवड्यातून एक धुणे गरम पाण्याचे असावे.* टॉवेल, चादरी, उशीचे अभ्रे त्यात घ्यावेत. त्याने कपडे आणि मशीन दोन्ही साफ राहतात.

लाईट गेली तर?

पावसाळ्यात धुणे चालू असताना लाईट जाणे नेहमीचेच. टबात कपडे आणि साबणाचे पाणी तसेच रात्रभर राहिले की एका रात्रीत वास धरतो. सेमी-ऑटोमॅटिकची पाणी सोडायची कळ विजेवर चालत नाही. पिन काढून कळ ‘ड्रेन’वर फिरवली की पाणी उताराने निघून जाते. कपडे हाताने पिळून पसरावेत. वरून उघडणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये लाईट येईपर्यंत पाणी निघत नाही. झाकण उघडत असेल तर कपडे काढून घ्यावेत. फ्रंट लोडचे दार अशा वेळी अडकलेले असते. ते ओढू नये. खालच्या फिल्टरजवळच्या छोट्या नळीतून पाणी काढून थोडा वेळ थांबावे.

कर्जत परिसरातल्या फार्महाऊसवर आणि मुंबईकरांच्या गावच्या घरांत मशीन आठवडेच्या आठवडे बंद असते. तिथे सांभाळणाऱ्याने निघण्याआधी पाणी पूर्ण सोडून, आतून पुसून, पाण्याचा कॉक बंद करून, झाकण उघडे ठेवूनच घर बंद करावे.

अंगाला खाज येते ती मशीनमुळे का?

पावसाळ्यात नायटा, गजकर्ण वाढते आणि दोष मशीनला दिला जातो. मशीनमध्ये धरणारी बुरशी आणि नायट्याची बुरशी सहसा वेगवेगळ्या असतात. पण दोघींचा संबंध ओलीशी आहे. अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे आणि जीन्स घातल्याने नायट्याला वाव मिळतो आणि घरातल्या एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला की तो पसरतो. नायटा झालेल्याचे कपडे वेगळे, शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. असे पाणी मशीनला चालत नसेल तर बादलीत भिजवावेत. नंतर ऊन मिळेल तेव्हा उन्हात वाळवावेत, नाही तर उलटे करून गरम इस्त्री फिरवावी.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नये. अनेक मलमांत स्टेरॉईड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवस थांबते, पण नायटा आत पसरतो आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय इथे दाखवून औषध घ्यावे.

बुरशीचा वास आणि कण दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्रास देतात. घरात दमेकरी, तान्हे बाळ किंवा आजारी म्हातारे माणूस असेल तर मशीन साफ करताना त्यांना त्या खोलीत थांबू देऊ नये आणि साफसफाईचे कामही त्यांच्यावर टाकू नये.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

- पाणी सोडूनही टबात थोडे पाणी कायम राहत असेल.
- दोन-तीन वेळा साफ करूनही काळे तुकडे येतच असतील. अशा वेळी ड्रम उघडूनच साफ करावा लागतो.
- मशीनखाली पाणी गळत असेल किंवा पत्र्याला करंट लागत असेल.
- जळल्यासारखा वास येत असेल. तो बुरशीचा नाही, वायरिंगचा किंवा मोटरचा असतो.

साफसफाईचा खर्च बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही. पण मशीनमध्येच दोष असेल, पाणी नीट बाहेर जात नसेल आणि वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल, तर बिल आणि वॉरंटी कार्ड हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. दोष नसताना वासापायी मशीन विकून नवी घेण्यात अर्थ नाही. झाकण बंद ठेवायची सवय तीच राहिली तर पुढच्या श्रावणात नवी मशीनही तसाच वास मारेल.

लक्षात ठेवावे

- रोज : पाणी पूर्ण सोडणे, कडा पुसणे, झाकण उघडे.
- आठवड्याला : लवेची जाळी आणि पावडरचा खण धुणे, एक धुणे गरम पाण्याचे.
- महिन्याला : रिकामी मशीन गरम पाण्यावर चालवणे, फिल्टर आणि पाईप बघणे.
- वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी मे महिन्यात आणि गौरी-गणपतीच्या आधी : चकती काढून तळ साफ करणे.
- नेहमी : आधी पिन काढणे. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र कधीच नाही.